पोट हलतंय का?

जिथे आहात तिथेच थोडं सैल बसा.

एक हात बेंबीच्या जरा वर ठेवा. दाबू नका. नुसता ठेवा.

श्वास जसा येतो तसा येऊ द्या. त्याला वळण लावायचं नाही, मोजायचंही नाही.

श्वास आत येतो, हात किंचित वर येतो. श्वास जातो, हात खाली बसतो.

पुन्हा वर. पुन्हा खाली.

छाती आणि पोट यांच्या मध्ये श्वासपटल आहे. स्नायूचा आडवा पडदा. श्वास घेताना तो खाली उतरतो. मग यकृत, जठर, प्लीहा, आतडी, सगळ्यांनाच थोडं थोडं सरकून घ्यावं लागतं. तेवढंच पोट पुढे येतं.

हे तुम्ही करत नाही. गाढ झोपेतही हे चालूच असतं.

थोडा वेळ एवढंच पाहा. पोट हलतं आहे.

०

हात तिथेच राहू द्या, आणि मनानं एका खोलीत या.

मुंबईतलं महापालिकेचं एखादं मोठं रुग्णालय. परळचं केईएम म्हणा, शीवचं लोकमान्य टिळक म्हणा. सकाळची वेळ. कॅज्युअल्टी.

ट्रॉल्यांच्या चाकांचा आवाज. केसपेपर हातात धरून उभे असलेले नातेवाईक. फिनेलचा वास. कोणी तरी मामांना हाक मारतं आहे, कोणी मावशींना.

या गलक्यात एका ट्रॉलीच्या पायाशी एक मुलगी उभी आहे. सर्जरीची रजिस्ट्रार. आज तिच्या युनिटची इमर्जन्सी. आज पोटाचं जे दुखणं दारातून आत येईल, ते तिच्यापुढे येईल.

ट्रॉलीवर पन्नाशीचे एक काका. भायखळ्याच्या भाजीबाजारात पाट्या उचलतात. शर्टाची बटणं सोडलेली, पोट उघडं.

तिनं अजून त्यांना हात लावलेला नाही. काही विचारलेलंही नाही.

ती पायाशी उभी राहून नुसती पाहते आहे.

तुम्हीही तिच्या शेजारी उभे राहा. ती पाहते ते पाहा.

काका श्वास घेत आहेत. छाती वर-खाली होते आहे. भराभर, उथळ.

आणि पोट?

पोट हलत नाही.

०

इथे थांबा.

आपल्या हाताखाली पोट हलतं आहे. त्यांचं नाही.

पोटाच्या आतल्या बाजूला एक पातळ, ओलसर अस्तर असतं. डॉक्टर त्याला पेरिटोनियम म्हणतात. ते निरोगी असतं तेव्हा आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. त्याला दाह झाला, की सगळं शरीर त्याच्याभोवती दक्ष होतं. पोटाचे स्नायू आखडतात. श्वासही पोटापर्यंत येईनासा होतो.

काका निपचित पडले आहेत. गुडघे थोडे वर घेतलेले. कूस बदलत नाहीत. डोकंही वळवत नाहीत.

पलीकडच्या ट्रॉलीवर एक तरुण तळमळतो आहे. उठतो, बसतो, पुन्हा आडवा होतो, भिंतीला धरतो. बहुधा मुतखडा. त्याचा आरडाओरडा सगळ्यांना ऐकू येतो.

काकांचा आवाज नाही. पण रजिस्ट्रार त्यांच्याकडे आधी आली आहे.

एकदा त्या तळमळणाऱ्याकडे पाहा. एकदा या निश्चल माणसाकडे पाहा.

ध्यानाला बसताना आपण निश्चल होऊ पाहतो. इथे निश्चलता ही वाईट बातमी आहे.

“ट्रॉली उंबऱ्यावरून आली तेव्हा दुखलं का?” ती विचारते.

काका डोळे मिटून घेतात. “जीव गेला.”

तिला एक उत्तर मिळालं आहे. हात लावण्याआधीच.

०

आता ती जवळ येते.

तिचे हात गार आहेत. ती तळवे एकमेकांवर चोळते. घाई आहे, तरी चोळते. गार हात लागला की पोट आपोआप आखडतं, आणि मग कुठलं आखडणं हाताचं आणि कुठलं आजाराचं, हे कळत नाही.

तुमच्या हाताची ऊब जाणवते का? कपड्यातून, कातडीपर्यंत?

थोडा वेळ ती ऊब तिथे राहू द्या.

“काका, कधीपासून दुखतंय?”

“पहाटे. चहा घेत होतो. एकदम.”

“एकदम म्हणजे?”

“कप हातात होता.”

ती क्षणभर थांबते. दुखणं कधी सुरू झालं, हे बहुतेक लोक ‘काल रात्रीपासून’, ‘दोन दिवस झाले’ असं सांगतात. हातातल्या कपासकट तो क्षण जेव्हा कोणी सांगतं, तेव्हा आत काही तरी फुटलं असण्याची शक्यता मोठी असते.

“कुठे दुखतंय? एका बोटानं दाखवा.”

काकांना एक बोट पुरत नाही. ते तळहात सगळ्या पोटावरून फिरवतात. टेकवत मात्र नाहीत. अंतरावरूनच.

“पाठीसाठी गोळ्या घेता?”

“रोज. मेडिकलवाला देतो.”

“जेवल्यावर?”

“मिळेल तेव्हा.”

ती ट्रॉलीच्या कडेला वाकते, हात पोटाच्या पातळीला येईल इतकी. खालच्या डाव्या कोपऱ्यात बोटं सपाट ठेवते. बोटांची टोकं रुतवत नाही.

पाहा, ती पोटाकडे बघत नाही. तिचे डोळे काकांच्या चेहऱ्यावर आहेत.

हात पोटावर. नजर चेहऱ्यावर.

बोटं हळूहळू वर सरकतात. भुवई हलली, ओठ दाबले गेले, की ती थांबते.

पोट फळीसारखं कडक आहे. सगळीकडे.

०

पोटाला दुखणं सांगण्याच्या दोन तऱ्हा आहेत. त्या ऐकायला थोडं सावकाश व्हावं लागतं.

आतडं कापलं तरी दुखत नाही. आतडं ताणलं गेलं, फुगलं, पिळलं गेलं, की दुखतं. पण हे दुखणं अंधुक असतं. जागा नीट सांगत नाही. बेंबीभोवती कुठे तरी, खोल, मळमळ घेऊन येणारं.

अस्तराचं दुखणं नेमकं. इथे. याच जागी. हात लावू नका.

एक दुखणं या दोन तऱ्हांमधून प्रवास करतं. अपेंडिक्सचं.

पलीकडे एक कॉलेजातली मुलगी आईबरोबर बसली आहे. रात्रीपासून तिच्या बेंबीभोवती दुखतं आहे. अपेंडिक्स असेल, तर काही तासांत हे दुखणं सरकून उजवीकडे खाली जाईल. आतड्याच्या अंधुक हाकेतून अस्तराच्या नेमक्या हाकेपर्यंत.

तुमचा हात आता हळूच उजवीकडे खाली न्या. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक बोटांना लागेल. तिथून बेंबीपर्यंत मनात एक सरळ रेघ ओढा. हाडापासून त्या रेघेच्या एक तृतीयांशावर थांबा.

न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली या जागेकडे बोट दाखवलं. एका बोटाच्या टोकाखाली मावेल एवढी ही जागा. आज जगभरच्या सर्जनांची बोटं रोज तिथे टेकतात.

तुमचंही बोट तिथे टेकलं आहे. अलगद. तिथे काही दुखत नाही. मऊ आहे.

हे मऊपण जाणून घ्या. त्याचा विचार करायचा नाही, नुसतं बोटांना कळू द्या.

मग हात पुन्हा मध्ये आणा.

०

आता ऐकायचं आहे.

रजिस्ट्रार स्टेथोस्कोप कानाला लावते. त्याचं तोंडही तळहातात धरून गरम करते. काकांच्या पोटावर ठेवते.

आणि उभी राहते.

भोवती कॅज्युअल्टीचा सगळा गोंगाट. मुतखड्याचा तरुण. फोन. लिफ्टचं दार. ती या सगळ्याच्या आत कान लावून उभी आहे. मिनिट जातं. घाईच्या खोलीत एक मिनिट फार मोठं असतं.

आपणही ऐकू या. बाहेरचा आवाज थांबवायचा नाही. त्याच्या आत, आपल्या पोटात, कान न्यायचा.

काही ऐकू येतं का?

कदाचित हलकी गुडगुड. कदाचित काहीच नाही, तरी काही तरी सरकल्याची जाणीव. लहान आतडं काही मीटर लांब आहे, आणि ते रात्रंदिवस आपल्यातलं सगळं पुढे सरकवत असतं. जागं असताना आपल्याला या आवाजाची लाज वाटते. सभेत पोट वाजलं तर आपण खोकून झाकतो.

आतड्याची वाट कुठे अडली असेल, तर हा आवाज वाढतो. उंच, टणत्कारी होतो. अडथळ्यावर आतडं पुन्हापुन्हा धडकत असतं.

आणि पेरिटोनियमचा दाह पसरला, की आतडी थांबतात. आवाज जातो.

काकांच्या पोटात ती ऐकते आहे.

शांत आहे.

या शांततेजवळ थोडं राहा. आपण शांततेच्या शोधात इथे बसलो. आणि ही शांतता नको असलेली आहे. पोट हलत नाही, माणूस हलत नाही, आतडं हलत नाही. तिन्ही शांतता एकाच ट्रॉलीवर.

स्थिर आहे ते फक्त तिचं लक्ष. स्थिर असायला हवं तेही तेवढंच.

आपल्या हाताखाली श्वास येतो. श्वास जातो.

०

तिच्या सांगण्यावरून सिस्टरनी सलाईन लावलं आहे. अँटिबायोटिक गेलं आहे. नाकातून नळी जठरात उतरली आहे. लघवीची पिशवी ट्रॉलीला टांगली आहे.

वेदना कमी करणारं इंजेक्शनही दिलं आहे. पूर्वी ते देत नसत. दुखणं झाकलं तर निदान हुकेल, अशी भीती होती. ती आता मागे पडली आहे. दुखणं कमी झालं तरी हाताला जे कळायचं ते कळतं.

ती पिशवीच्या नळीकडे पाहते. थेंब. मग बराच वेळ काही नाही. मग थेंब.

दर तासाला किती लघवी झाली, यावरून कळतं की शरीराच्या दूरच्या कोपऱ्यापर्यंत रक्त पोचतं आहे की नाही.

थेंबाची वाट पाहणं हेही तिचं कामच आहे.

एक्स-रे उभ्यानं काढायचा आहे. उभं राहवत नसेल तर निदान सरळ बसवून, आणि बसवल्यावर थोडा वेळ थांबून. पोटात मोकळी सुटलेली हवा असेल, तर ती वर चढायला वेळ लागतो. ती जाऊन थांबते ती श्वासपटलाच्या खाली. ज्या श्वासपटलामुळे तुमचा हात आत्ता वर-खाली होतो आहे, त्याच्याच खाली.

फिल्म पडद्यावर येते. उजवीकडे यकृत पांढरं. त्याच्या वर श्वासपटलाची रेघ. आणि दोन्हींच्या मध्ये काळी, बारीक, वाकडी पट्टी.

तिथे काळं काही असायला नको.

ती सीनियरला फोन लावते. आवाज चढत नाही. “सर, परफोरेशन आहे.”

०

आणि नेमकं याच वेळी काका म्हणतात, “डॉक्टर, आता बरं वाटतंय. घरी जाऊ का?”

सोबत आलेल्या त्यांच्या मुलाचा चेहरा उजळतो.

थांबा. या ‘बरं वाटतंय’पाशी थांबा.

अल्सर म्हणजे आतली जखम. तो फुटला की जठरातलं आम्ल अस्तरावर सांडतं. ती पहिली आग. मग अस्तरातून पाणी झिरपू लागतं, आम्ल पातळ होतं, दुखणं उतरतं. काही तास माणसाला खरोखरच हायसं वाटतं. त्यानंतर जंतू वाढतात, आणि मग वेळ हातात राहत नाही.

लंडनचे सर्जन झॅकरी कोप यांनी पोटाच्या तातडीच्या दुखण्यांवर १९२१ साली एक छोटं पुस्तक लिहिलं. पुढे सर्जनांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. फसवा आराम त्यात आहे. आणखीही एक गोष्ट आहे. एरवी ठीक असलेल्या माणसाचं पोट अचानक जोरात दुखू लागलं आणि ते सहा तास टिकलं, तर बहुतेक वेळा कारण सर्जननं बघण्याजोगंच निघतं.

रजिस्ट्रार काकांना उत्तर देत नाही. ती पुन्हा हात ठेवते.

बरं वाटतंय, असं तोंड म्हणतं. पोट अजून फळी आहे. नाडी वाढलेली आहे.

“काका, बरं वाटतंय ते चांगलं आहे. पण आत छिद्र आहे. ते बुजवायला लागेल.”

संमतीपत्रावर मुलगा सही करतो. पेन दोनदा थांबतं.

०

थिएटरकडे निघण्याआधी ती कॉलेजच्या मुलीकडे वळते.

पुन्हा हात. तोच हात, त्याच जागी.

तासापूर्वी तिनं या पोटावर हात ठेवला होता. रक्त तपासायला पाठवलं, सोनोग्राफी सांगितली आणि आईला म्हणाली, “पाणीही देऊ नका. मी परत येते.”

ती परत आली आहे.

पोटाच्या दुखण्यात पुष्कळदा पहिल्या तपासणीत उत्तर मिळत नाही. उत्तर पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीच्या मधल्या फरकात असतं. दुखणं सरकलं का? वाढलं का? मऊ होतं ते कडक झालं का? म्हणून हात शक्यतो तोच हवा.

मनही असंच परत येतं. मघापासून ते किती तरी वेळा दुसरीकडे गेलं असेल. काही हरकत नाही. परत या. हाताखालचा श्वास तिथेच आहे.

परत येणं हाच कधी कधी उपचारही असतो. प्लीहेला मार लागलेली कितीतरी माणसं आज अशीच, पोट न उघडता, बरी होतात. नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, आणि ठरावीक वेळानं परत येणारा हात. सुरी हाताशी तयार असते. ती उचलली जात नाही.

संध्याकाळी ही मुलगी आईला म्हणेल, “मला वडापाव खायचाय.” सोनोग्राफी साधी आलेली असेल. बोट उजवीकडे खाली टेकेल आणि ती हसेल. अपेंडिक्स बिघडलेल्याला सहसा भूक लागत नाही. तिला रात्रीसाठी ठेवून घेतील, सकाळी एकदा बघतील आणि घरी सोडतील.

तिच्या पोटावर एकही टाका नसेल. तेही सर्जनचंच काम.

०

एका माणसाला हा परत येणारा हात बाहेरून मिळाला नाही.

१९६१ च्या एप्रिलअखेरचे दिवस. अंटार्क्टिकातलं सोव्हिएत ठाणं, नोवोलाझारेव्स्काया. लिओनिद रोगोझोव्ह तिथला एकमेव डॉक्टर. वय २७. दुखणं उजवीकडे खाली सरकलं तेव्हा त्याला ते ओळखता आलं, कारण तो सर्जन होता.

त्यानं आधी वाट पाहिली. अँटिबायोटिक घेतलं. दुखणं वाढत गेलं. विमान येण्याजोगं हवामान नव्हतं.

मग त्यानं जागा बधिर केली आणि स्वतःचं पोट स्वतः उघडलं. एकानं आरसा धरला, एकानं हत्यारं दिली. आरशात सगळं उलटं दिसत होतं. तेव्हा तो बराचसा स्पर्शावर विसंबला.

दर चार-पाच मिनिटांनी तो काही सेकंद थांबत होता. चक्कर ओसरेपर्यंत.

त्या थांबण्यापाशी आपण थोडं थांबू या.

उघडं पोट. हातात हत्यार. आणि तो काही करत नाही. नुसता श्वास घेतो.

मग पुन्हा हात आत.

दोनेक आठवड्यांनी तो आपल्या नेहमीच्या कामावर होता.

०

आता ऑपरेशन थिएटर.

दार बंद होतं आणि बाहेरचा गलका एकदम कापला जातो. एसीची घरघर. मॉनिटरचा एकसारखा आवाज. हिरवी कापडं.

भूल दिली गेली आहे. काकांचा श्वास आता यंत्र घेतं आहे.

सगळे तयार आहेत. तरी एकदा सगळे थांबतात. रुग्णाचं नाव मोठ्यानं म्हटलं जातं. कोणतं ऑपरेशन, तेही. अँटिबायोटिक दिलं का, रक्त तयार आहे का. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेची यादी दिली, तेव्हापासून हे थांबणं जगभर पसरलं. त्याला थिएटरात ‘टाइम आउट’ म्हणतात.

सगळ्यांचे हात क्षणभर वर. नजर टेबलावर.

श्वास घ्या.

सुरी मधोमध उतरते, बेंबीच्या वर. पोटाच्या डाव्या-उजव्या स्नायूंची आवरणं जिथे येऊन मिळतात, तिथे एक पांढरी रेघ आहे. तिच्यात रक्तवाहिन्या थोड्या. म्हणून वाट तिथून.

अस्तर उघडतं. हवा सुटते. मागोमाग हिरवट-पिवळं पाणी. सक्शनची नळी ते ओढून घेते.

सीनियर यकृत हलक्या हातानं वर धरतात. जठर संपून लहान आतडं सुरू होतं तिथे, पुढच्या बाजूला, ते आहे.

छिद्र. काही मिलिमीटरचं.

पाहा. सकाळपासूनचं सगळं या एवढ्याशा जागेतून आलं आहे.

आतड्याला पडलेलं छिद्र माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. सुश्रुतसंहितेत त्याचा उपाय आहे. छिद्राच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्यांना चावायला लावावं आणि धड तोडून डोकी तिथेच राहू द्यावीत. डोकी म्हणजेच टाके.

आज रजिस्ट्रारच्या हातात धागा आहे. छिद्राच्या अलीकडून पलीकडे तीन टाके. पण ती गाठ मारत नाही. धाग्याची टोकं मोकळी ठेवते.

आतड्यांवर चरबीचा एक पातळ पडदा पसरलेला असतो, ओमेंटम. पोटात कुठे दाह झाला की बहुधा हा तिथे जाऊन चिकटतो. सर्जन त्याला पोटाचा पोलीस म्हणतात. ती त्याची एक बाजू अलगद वर आणते आणि छिद्रावर ठेवते.

सुजलेल्या कडा ओढून जुळवल्या तर टाके फाडून निघतात. म्हणून कडा ओढायच्या नाहीत, वर शरीराचाच एक तुकडा ठेवायचा. सेलन-जोन्स यांनी १९२९ मध्ये आणि टोरांटोच्या रॉस्को ग्रॅहम यांनी १९३७ मध्ये हे लिहिलं. आजही जवळजवळ तसंच करतात.

आता गाठ.

“सैल,” सीनियर म्हणतात. “रक्त चालू राहिलं पाहिजे.”

गाठ बसते. ओमेंटम जागच्या जागी राहतं. त्याचा रंग पांढरा पडत नाही.

तुमच्या हाताची बोटं आत्ता कशी आहेत? कुठे आवळली गेली असतील तर सोडा. हात ठेवलेला आहे, धरलेला नाही.

०

कोमट सलाईनचे लिटरमागून लिटर पोटात ओतले जातात आणि ओढून घेतले जातात. पाणी गढूळ येतं. पुन्हा. कमी गढूळ. पुन्हा. मग जवळजवळ स्वच्छ.

कोमटच. शरीर गार पडू द्यायचं नाही.

शेजारच्या थिएटरात याच वेळी दुसरं टेबल लागलं आहे. मोटारसायकलवरून पडलेला मुलगा. यकृत फाटलं आहे.

तिथे घाई आहे असं आपल्याला वाटेल. आत डोकावा.

सर्जननी दोन्ही हातांनी यकृत दाबून धरलं आहे. ते काहीही करत नाहीत. भूलतज्ज्ञ रक्त चढवत आहेत. “अजून पाच मिनिटं,” ते म्हणतात.

सर्जन दाबून उभे आहेत.

यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह बोटांच्या चिमटीत अडवता येतो, हे ग्लासगोच्या जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ साली लिहिलं. तेव्हापासून ही चिमूट शिकवली जाते. आणि तिच्याबरोबर उभं राहणंही.

शरीर गार पडलं, रक्त आम्लधर्मी झालं, ते गोठेनासं झालं, तर त्या दिवशी ऑपरेशन पूर्ण करायचं नसतं. रक्तस्राव थांबवायचा, फाटक्या जागेभोवती मॉप दाबून बसवायचे, पोट तात्पुरतं झाकायचं आणि मुलाला आयसीयूत न्यायचं. ऊब द्यायची. एक-दोन दिवसांनी परत यायचं. १९९३ पासून या पद्धतीला ‘डॅमेज कंट्रोल’ म्हणतात.

अर्धवट सोडून बाहेर पडणं. जाणूनबुजून.

तो दाबून धरलेला हात थोडा वेळ पाहा. तो थकतो आहे. तो हलत नाही.

०

काकांच्या टेबलावर सिस्टर मॉप मोजत आहेत. मोठ्यानं. एक, दोन, तीन. सगळे ऐकत आहेत. पोट शिवण्याआधी आकडा जुळला पाहिजे.

जुळतो.

पांढरी रेघ शिवली जाते. बारीक बारीक टाके, जवळजवळ. कडेपासून थोडं थोडं धरून.

भूल उतरते. यंत्राची नळी निघते. काका स्वतःचा पहिला श्वास घेतात. मग खोकतात.

रजिस्ट्रार मास्क खाली ओढते. तिनं सकाळपासून चहा घेतलेला नाही. ती पायाशी जाऊन उभी राहते, पुन्हा, आणि बघते.

टाके दुखत असणार. श्वास अजून उथळ आहे. पण किंचित, अगदी किंचित, पोट हललं.

०

पुढचे दिवस वॉर्डातले.

इथे काहीच घडत नाही असं वाटतं. राउंड येतो, राउंड जातो. नाकातली नळी आहे. सलाईन आहे. काकांना तहान लागली आहे आणि मुलगा ओल्या कापसानं त्यांचे ओठ पुसतो.

आतडी उघडून हाताळली, की ती काही काळ गप्प होतात. त्यांना दटावता येत नाही. ती आपल्या वेळेनं सुरू होतात.

पहिल्या दिवशी ती पोटावर स्टेथोस्कोप ठेवते. शांत.

दुसऱ्या दिवशी ठेवते. शांत. बराच वेळ ऐकते. कुठे तरी एक आवाज.

“बसा, काका. थोडं चाला.” काका कॉटच्या कडेला बसतात. एका हातानं पोट धरून दाराशी जातात, परत येतात. ड्रिपचा स्टँड मुलाच्या हातात.

आता तुम्ही हात काढला तरी चालेल. श्वास हाताशिवायही चालतो. डोळे उघडे ठेवा आणि वॉर्डात या, राउंड सुरू झाला आहे.

“काका, वारा सरला का?”

काका खिडकीकडे बघतात. मुलगा जमिनीकडे बघतो.

“लाजायचं नाही. आम्ही सगळे त्याचीच वाट बघतोय.”

“सरला,” काका पुटपुटतात. “पहाटे.”

“नक्की?”

“मी साक्षीला आहे,” शेजारच्या कॉटवरून आवाज येतो. आख्खा वॉर्ड हसतो. काकाही हसतात, आणि टाके दुखतात म्हणून लगेच पोट धरतात.

ती स्टेथोस्कोप ठेवते. या वेळी फार थांबावं लागत नाही. केसपेपरवर दोन शब्द लिहिते.

“सिस्टर, नळी काढा. घोट घोट पाणी सुरू करा. सोसलं तर संध्याकाळी चहा.”

मग काकांकडे वळते. “पाठीच्या त्या गोळ्या बंद. जठरातले जंतू तपासू, निघाले तर त्यांच्या गोळ्या दोन आठवडे, एकही चुकवायची नाही. आणि पाठ दुखली तर मेडिकलवाल्याला नाही, मला विचारायचं. ओपीडी मंगळवारी. केसपेपर घेऊन या.”

“येतो,” काका म्हणतात. “पण पाणी आत्ता मिळेल ना?”